एकलव्याचा वारसा आणि वऱ्हाडातील तबकड्या

ग्रामोफोनच्या तबकड्यांना अलीकडे पुन्हा बरे दिवस आले आहेत. ज्या काळ्या तबकड्या कॅसेटच्या आगमनाने अडगळीत गेल्या आणि ज्यांची पुढे कोणी आठवणही काढली नाही, त्या आज महानगरांतील तरुण हौसेने विकत घेत आहेत. त्यातही पाश्चात्य 'हेवी' आणि 'सायकेडेलिक' रॉक संगीताच्या दीर्घ तबकड्यांना मागणी विशेष आहे. मुंबईच्या 'ॲटॉमिक फॉरेस्ट' या वाद्यवृंदाची 'ऑब्सेशन ७७' ही तबकडी १९८१ मध्ये निघाली तेव्हा मुंबईबाहेर तिची दखल फारशी कोणी घेतली नव्हती. पुढे परदेशातील संग्राहकांनी ती शोधून काढली आणि २०११ मध्ये अमेरिकेतील एका कंपनीने ती नव्याने प्रसिद्ध केली. सिगारेट कंपनीच्या आश्रयाने झालेल्या 'सिमला बीट' स्पर्धेतील १९७० आणि १९७१ च्या तबकड्यांची कथा याहून वेगळी नाही. आपल्याच शहरांतील मुलांनी वाजविलेल्या संगीताचे मोल आपल्याला दूरदेशीच्या रसिकांकडून कळावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

याचे कारण संग्रहाच्या अभावात जेवढे आहे, त्याहून अधिक परीक्षणाच्या अभावात आहे. तबकडी ही वस्तू बाजारात पैशाने मिळते. परंतु तिच्यावर काय मुद्रित झाले आहे, ते कसे गायिले वा वाजविले गेले आहे, त्यात नवे काय आणि उसने काय, हे सांगणारा जाणता माणूस नसेल, तर ती तबकडी मुकीच राहते. मराठी संगीताच्या सुदैवाने असा एक जाणता माणूस ग्रामोफोनच्या ऐन भराच्या काळात लाभला होता, आणि तो वऱ्हाडचा होता. केशवराव भोळे हे त्यांचे नाव. गायक, संगीतरचनाकार, चित्रपट-संगीत-दिग्दर्शक आणि समीक्षक अशा चारही नात्यांनी ते विख्यात झाले. महाराष्ट्राने त्यांना मुंबई-पुण्याचे म्हणून ओळखले. त्यांच्या जन्मगावाला मात्र त्यांची आठवण करून द्यावी लागते.

कापसाच्या मुलखातील जन्म

केशव वामन भोळे यांचा जन्म १८९६ मध्ये अमरावतीस झाला. त्याच्या पुढल्याच वर्षी, १८९७ च्या डिसेंबरात, राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीस भरले होते. यावरून त्या नगरीचे तत्कालीन महत्त्व ध्यानी यावे. निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेला वऱ्हाड प्रांत त्या काळी कापसाच्या पैशाने भरभराटीस आला होता. जिनिंगचे कारखाने, पेढ्या, वकिलांचे वाडे आणि सार्वजनिक वाचनालये अमरावती-अकोल्यास उभी राहत होती. जेथे पैसा आणि रसिकता एकत्र नांदतात तेथे नाटक मंडळ्या येणारच. कापसाचा हंगाम साधून वऱ्हाडात मुक्काम ठोकणे हा संगीत नाटक मंडळ्यांच्या वार्षिक हिशेबाचा भाग होता. पुढे 'रणदुंदुभी'सारखे गाजलेले नाटक लिहिणारे वीर वामनराव जोशी हेही अमरावतीचेच. नाट्यपदे, कीर्तन आणि भजन यांचा संस्कार येथल्या मुलांवर शाळेच्या पाठाइतकाच सहज होत असे.

केशवराव सहा वर्षांचे असताना हिंदुस्थानातील संगीताच्या इतिहासात एक मोठी घटना घडली. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे ग्रामोफोन कंपनीने मुद्रित केले, आणि तोवर मैफलीबरोबर हवेत विरून जाणारा सूर प्रथमच बाजारात विकला जाऊ लागला. १९०८ पासून तबकड्या कलकत्त्यासच तयार होऊ लागल्या. लाखेच्या मिश्रणातून घडविलेली, मिनिटाला ७८ फेरे घेणारी दहा इंची तबकडी एका बाजूस सुमारे तीन मिनिटे वाजे. चावी दिलेल्या पेटीवर, पोलादी पिनेखाली आणि कर्ण्याच्या तोंडून ती गाऊ लागली, की ज्यांना संस्थानिकांच्या दिवाणखान्यात कधीच प्रवेश मिळाला नसता अशांच्याही कानी उस्ताद-पंडितांचा सूर पडे. केशवरावांची पिढी ही या यंत्राबरोबर वाढलेली मराठी रसिकांची पहिली पिढी होय.

वैद्यकीचे शिक्षण घेण्यासाठी केशवराव मुंबईस गेले. घरच्यांच्या दृष्टीने ही वाट प्रतिष्ठेची आणि निर्वेध होती. परंतु त्या काळची मुंबई म्हणजे गायकांच्या बैठका, नाटकगृहे आणि ग्रामोफोनच्या दुकानांची मुंबई. वैद्यकीचे शिक्षण अर्धवट सुटले आणि संगीत हेच जीवनकार्य ठरले. त्या काळी सुशिक्षित घरातील तरुणाने डॉक्टर होण्याचे सोडून गाण्याच्या मागे लागणे म्हणजे काय, याची कल्पना आजच्या वाचकाला सहजी येणार नाही. कलावंताच्या चरितार्थाला हमी नव्हती आणि प्रतिष्ठाही बेताचीच होती. केशवरावांनी मात्र गाण्याकडे पाहण्याची एक शास्त्रीय, चिकित्सक वृत्ती जन्मभर जोपासली. कंठ, श्वास आणि ध्वनी यांविषयीचे त्यांचे कुतूहल 'आवाजाची दुनिया' या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच उमटले आहे.

टोपणनावामागील माणूस

'वसुंधरा' या साप्ताहिकात केशवरावांनी 'एकलव्य' या नावाने समकालीन गायक-गायिकांवर लेख लिहावयास आरंभ केला. 'शुद्धसारंग' हेही त्यांचेच दुसरे टोपणनाव. या लेखांतून मराठी संगीतसमीक्षेने खऱ्या अर्थाने वळण घेतले. त्यापूर्वी गायकांविषयी लिहिले जात नव्हते असे नाही. पण ते बहुधा गौरवपर असे, अथवा घराण्याच्या अभिमानापोटी दुसऱ्या घराण्याची निंदा करणारे असे. गायकाचा लगाव, स्वरोच्चार, लयीचे भान, शब्दांशी त्याचे वर्तन, त्याच्या गुणांची व्याप्ती आणि त्याच्या मर्यादा यांचा सुसंगत विचार सामान्य वाचकाला समजेल अशा मराठीत मांडणे हे नवे होते. 'आजचे प्रसिद्ध गायक', 'संगीताचे मानकरी', 'अस्ताई', 'अंतरा' ही त्यांची पुस्तके आजही संगीताच्या अभ्यासकाला टाळता येत नाहीत.

'एकलव्य' या नावाची निवड अर्थपूर्ण वाटते. महाभारतातला एकलव्य गुरूच्या मातीच्या मूर्तीसमोर विद्या शिकला. ग्रामोफोनच्या युगात महाराष्ट्रातील गावोगावचे शेकडो तरुण अशाच एका मूर्तीसमोर, लाखेच्या तबकडीसमोर, बसून गाणे शिकत होते. गुरू दूर होता, कदाचित तो शिकविण्यास राजीही नव्हता. परंतु त्याचे तीन मिनिटांचे गाणे पुन्हा पुन्हा लावता येत होते. या पुन्हा पुन्हा ऐकण्यात समीक्षेचे बीज आहे. मैफलीतील गाणे एकदाच होते, आणि त्याच्याविषयीचे मत स्मरणावर व भारावलेपणावर अवलंबून राहते. तबकडीवरील गाणे उद्याही तसेच असते. त्यामुळे दहा रसिकांनी दहा गावी तेच गाणे ऐकून समीक्षकाचे विधान पारखून पाहता येते. समीक्षकाला जबाबदार बनविणारे हे साधन होते.

अर्थात तबकडीचे काही दोषही होते आणि जाणत्याने ते ओळखले पाहिजेत. तासभर विस्तारणारा ख्याल तीन मिनिटांत कोंबावा लागे. विलंबित लय घाईची होई. १९२५ च्या सुमारास विद्युत्-ध्वनिमुद्रण येईपर्यंत गायकाला भोंग्यात तोंड घालून मोठ्याने गावे लागे. गायकाच्या तबकडीवरून त्याच्या गायकीचे सर्वस्व ठरविणे म्हणजे छायाचित्रावरून माणसाचा स्वभाव ठरविण्यासारखे आहे. मैफल ऐकलेला कान आणि तबकडी ऐकलेला कान, असे दोन्ही कान असल्याशिवाय या काळातील गाण्याविषयी न्याय्य मत देता येत नाही. केशवरावांना हे दोन्ही लाभले होते.

समीक्षक कसोटीला लागतो

इतरांच्या गाण्यावर लिहिणाऱ्याने स्वतः काही करून दाखवावे, असे आव्हान समीक्षकाला नेहमीच दिले जाते. ते योग्य असतेच असे नाही. पण केशवरावांनी ते स्वीकारले आणि पेलले. भावगीताच्या उदयकाळी ते गायक व रचनाकार म्हणून पुढे होतेच. १९३२ मध्ये गोव्याच्या दुर्गा केळेकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ज्योत्स्ना भोळे या नावाने त्या महाराष्ट्राच्या लाडक्या गायिका आणि अभिनेत्री झाल्या. अनंत काणेकरांच्या 'आला खुशीत समिंदर' या गीताला केशवरावांनी दिलेली चाल ज्योत्स्नाबाईंच्या कंठातून तबकडीवर उतरली आणि घरोघर पोहोचली.

१ जुलै १९३३ रोजी 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने श्री. वि. वर्तक यांचे 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक रंगभूमीवर आणले. पदांच्या आतषबाजीखाली दबलेल्या मराठी नाटकाला त्याने नवी दिशा दिली, हे सर्वश्रुत आहे. या नाटकाचे संगीत केशवरावांचे होते. पियानो, व्हायोलिन, हवाईयन गिटार यांसारख्या वाद्यांचा त्यांनी आपल्या रचनांत उपयोग केला. आज विजेच्या गिटारीवर नाक मुरडणाऱ्या मंडळींनी हे ध्यानी ठेवावे, की मराठी भावसंगीतात परके वाद्य आणणारा हा माणूस हिंदुस्थानी गायकीचा मर्मज्ञ जाणकार होता. वाद्य देशी की विदेशी, हा त्याच्या लेखी गौण प्रश्न होता. ते प्रसंगाला आणि शब्दाला शोभते की नाही, हा मुख्य.

पुढे पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत त्यांची खरी परीक्षा झाली. 'अमृतमंथन' (१९३४), 'संत तुकाराम' (१९३६), 'कुंकू' (१९३७), 'माझा मुलगा' (१९३८), 'संत ज्ञानेश्वर' (१९४०), 'संत सखू' (१९४१), 'रामशास्त्री' (१९४४) या चित्रपटांशी त्यांचे नाव जोडलेले आहे. यांपैकी 'संत तुकाराम'चे संगीत म्हणजे समीक्षेचाच एक प्रकार आहे असे म्हणता येईल. चित्रपटाच्या आरंभी विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम साध्या, आर्त सुरात अभंग गातो. तोच अभंग दांभिक सालोमालो आपल्या नावावर खपवून ठसक्यात आणि मुरक्या घेत गातो. शब्द तेच, पण एकात भक्ती आहे आणि दुसऱ्यात प्रदर्शन. गाण्यातील खरेखोटेपणा कसा ओळखावा, यावर दहा लेख लिहून जे साधले नसते ते येथे दोन चालींनी साधले.

याच चित्रपटातील 'आधी बीज एकले' हा अभंग शांताराम आठवले यांनी लिहिला होता. परंतु तो तुकोबांचाच समजून अनेकांनी गाथेत शोधला. कवीच्या शब्दकळेचे हे श्रेय आहेच. पण त्या शब्दांना वारकरी परंपरेत सहज सामावेल अशी चाल मिळाली नसती, तर हा भ्रम इतका दृढ झाला नसता. 'कुंकू'मध्ये तर पार्श्वसंगीताचा मोह आवरून नैसर्गिक आवाजांवर भर देण्यात आला आणि लाँगफेलोची इंग्रजी कविता शांता आपटे यांच्या मुखी घालण्याचे धाडसही केले गेले. संगीत कोठे नको, हे कळणे ही संगीतकाराच्या परिपक्वतेची खूण होय. 'माझे संगीत : रचना आणि दिग्दर्शन' या पुस्तकात केशवरावांनी आपल्याच कामाकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहिले. आपली चाल अशी का झाली, हे कारणांसह सांगणारे संगीतकार तेव्हाही थोडे होते आणि आजही थोडेच आहेत.

वऱ्हाडचे देणे

मराठी भावगीताच्या आणि तबकडीच्या नात्यात वऱ्हाडचा वाटा एवढ्यावरच संपत नाही. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता नागपूरचे जी. एन. जोशी यांनी गायिली आणि १९३२ च्या सुमारास ती तबकडीवर आली. मराठी भावगीताचा तबकडीवरील आरंभ बहुतेक जण तेथूनच मानतात. वकिली शिकलेले हेच जोशी पुढे ग्रामोफोन कंपनीत अधिकारी झाले आणि असंख्य थोर गायकांचे ध्वनिमुद्रण त्यांच्या देखरेखीखाली झाले. म्हणजे कवी मेहकरचा, गायक नागपूरचा आणि समीक्षक जन्माने अमरावतीचा, अशी ही वऱ्हाड-विदर्भाची त्रयी आहे. असे असूनही तबकड्यांचा सार्वजनिक संग्रह म्हटला की आपली नजर मुंबई-पुण्याकडे वळते. पुण्यास १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. मुंबईत १९९० मध्ये संग्राहकांनी 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था स्थापून अभ्यासपूर्ण नियतकालिकही चालविले. अमरावती-अकोल्याने या बाबतीत काय केले, हा प्रश्न अवघड आहे.

कापसाच्या पैशाने जे वाडे उभे राहिले त्यांत कर्ण्याच्या पेट्या आणि तबकड्यांचे खोके होते. वाडे पडत आहेत, वाटण्या होत आहेत, आणि खोके भंगारात जात आहेत. लाखेची तबकडी हातून पडली तर फुटते. पावसाळ्यात तिच्यावर बुरशी धरते. नंतरच्या दीर्घ तबकड्या ज्या व्हायनलच्या केलेल्या असतात, त्यांना उन्हाळा वैरी. अकोल्याचा पारा वैशाखात ४५ अंशांच्या वर जातो; तशा दिवसांत पत्र्याच्या खोलीत आडव्या रचलेल्या तबकड्या वाकतात, आणि वाकलेली तबकडी पूर्ववत होत नाही. तबकडी उभी ठेवावी, थंड व कोरड्या जागी ठेवावी, कडेला धरून उचलावी, एवढे साधे ज्ञानही आता दुर्मिळ झाले आहे.

यावर कोणी म्हणेल, की सगळी जुनी गाणी आता खिशातल्या फोनवर फुकट ऐकू येतात. मग ही काळी अडगळ कशाला जपावयाची? आक्षेप वरकरणी बिनतोड आहे. परंतु फोनवर येणाऱ्या गाण्याबरोबर कवीचे, संगीतकाराचे, वर्षाचे नाव येतेच असे नाही, आणि आले तर ते बरोबर असतेच असे नाही. आठवल्यांचा अभंग तुकोबांच्या नावावर जाऊ शकतो, तर साध्या भावगीताची काय कथा? तबकडीच्या मधोमध छापलेली चिठ्ठी, तिच्यावरील क्रमांक आणि चिठ्ठीलगतच्या कोऱ्या पट्टीत कोरलेला साचाक्रमांक हे त्या गाण्याचे जन्मपत्र होय. त्यावरून कोणते मुद्रण आधीचे आणि कोणते नंतरचे हे ठरविता येते. यंत्राचा वेग किंचित चुकला तर गायकाची पट्टीही बदलते. नक्कल करणाऱ्याने ही चूक केली असेल, तर ती मूळ तबकडीशिवाय कळणार कशी? ग्रंथाची मूळ हस्तप्रत ज्या कारणाने जपावयाची, त्याच कारणाने मूळ तबकडी जपावयाची.

म्हणून दोन सूचना कराव्याशा वाटतात. अकोल्याचे बाबुजी देशमुख वाचनालय किंवा अमरावतीचे विद्यापीठ यांसारख्या संस्थांनी ध्वनिमुद्रिकांसाठी एक बंद, थंड खोली आणि एक नोंदवही राखावी. घरोघरच्या तबकड्या देणगी म्हणून मागवाव्यात, प्रत्येकीचा क्रमांक, कवी, गायक, संगीतकार आणि देणगीदाराचे गाव नोंदवावे, आणि महिन्यातून एकदा त्या सर्वांना ऐकवाव्यात. यास कोटींचे अनुदान लागत नाही. एक चांगले यंत्र, काही मांडण्या आणि एक चिकाटीचा माणूस लागतो. कायद्याची अडचणही वाटते तेवढी नाही. ध्वनिमुद्रणावरील स्वामित्वहक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो. शब्द आणि चाल यांचे हक्क मात्र त्या त्या कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतात, एवढे भान ठेवून काम करता येईल.

दुसरी सूचना वृत्तपत्रांना आणि तरुण संग्राहकांना. नव्या-जुन्या तबकड्यांचे परीक्षण लिहिले गेले पाहिजे आणि ते जाहिरातीच्या भाषेत लिहिले जाता कामा नये. अमरावतीच्या महाविद्यालयातील एखादा मुलगा पन्नास वर्षांपूर्वीची हेवी रॉकची तबकडी गोळा करीत असेल, तर त्याला हसण्याचे कारण नाही. त्याने मात्र त्या तबकडीची किंमत आणि दुर्मिळता सांगून थांबू नये. गिटारवादकाने काय केले, ढोलाची लय कोठे सुटली, गायकाचा आवाज कोठे ताणला गेला आणि तो ताण अर्थपूर्ण आहे की नुसताच आरडाओरडा आहे, हे त्याने मराठीत लिहून दाखवावे. संगीताचा प्रकार कोणताही असो, कानाची कसोटी एकच असते. दुर्मिळ असते ते उत्तम असतेच असे नाही, ही गोष्ट संग्राहकाला समीक्षकाने सांगावयाची असते. आणि लोकप्रिय नसते ते टाकाऊ असतेच असे नाही, ही गोष्ट समीक्षकाला संग्राहकाने दाखवावयाची असते.

केशवराव भोळे यांना जाऊन कित्येक दशके लोटली. त्यांचे पुतळे नाहीत, आणि त्याची खंत करण्याचेही कारण नाही. ज्याने आयुष्यभर ऐकण्याची शिस्त शिकविली त्याचे स्मारक दगडात असू नये. जेथे त्यांचा जन्म झाला त्या नगरीत त्यांच्या नावाने ध्वनिमुद्रिकांची एक खोली उघडली गेली, तेथे चार जाणती आणि चाळीस शिकाऊ माणसे जमून तीन मिनिटांचे एक गाणे दोनदा लक्षपूर्वक ऐकू लागली आणि त्यावर निर्भीडपणे बोलू-लिहू लागली, तर वऱ्हाडने आपल्या या पुत्राचे ऋण काही अंशी फेडले असे होईल. खोके भंगारात जाण्यापूर्वी हे व्हावयास हवे. वऱ्हाडातील प्रत्येक उन्हाळा त्यांतील काही तबकड्या कमी करीत आहे.